कलती पट्टी

मिस्त्रींच्या शेडमध्ये कुणीही तीनचाकी घ्यायला आलं की ते आधी एकच प्रश्न विचारायचे, "सायकल येते का?" समोरच्यानं ओशाळून "नाही हो, कधी जमलीच नाही" म्हटलं की मिस्त्रींचा चेहरा खुलायचा. "उत्तम. पंधरा दिवसांत घेऊन जाल." पण एखादा छाती काढून म्हणाला, "येते म्हणजे काय, जन्म गेला सायकलवर," की मिस्त्री हातातला पाना खाली ठेवायचे. मग म्हणायचे, "तुम्हाला वेळ लागेल."

मी पहिल्या जातीतली. चौसष्ट वर्षांची होईपर्यंत सायकलच्या सीटला माझं अंग लागलं नव्हतं. मी शाळेत शिवणाची बाई होते. तीस वर्षं मुलींकडून वाकडे टाके उसवून घेतले आणि त्यांच्या शिव्या खाल्ल्या. मग खुब्याचं ऑपरेशन झालं आणि कोपऱ्यावरचं दुकानही परगावी असल्यासारखं वाटायला लागलं. लेक फोनवर म्हणायची, "आई, घरीच मागव ना सगळं." तिला काय जातंय सांगायला! सगळं घरी मागवलं तर भांडायला माणूस कुठून आणायचा?

म्हणून मी मिस्त्रींकडे गेले. कालव्याच्या रस्त्याला त्यांची पत्र्याची शेड, मागं थोडं मोकळं आवार. पन्नाशी उलटलेला, बुटका, टक्कल पडलेला माणूस. बोलणं मोजकं आणि तेही ओठांतल्या ओठांत. नव्या सायकली विकायचा उद्योग त्यांनी केव्हाच सोडला होता. ते फक्त म्हाताऱ्या आणि भित्र्या माणसांसाठी गाड्या बनवायचे. मधली दांडी पार जमिनीजवळ, म्हणजे पाय उचलावा लागत नाही. खुर्चीसारखी रुंद सीट, तिला पाठ. मागं दोन चाकं, त्यांच्या मध्ये टोपली. उभी असताना सरकू नये म्हणून ब्रेकला खिट्टी. गल्लीतली पोरं त्यांना 'तीनचाकी मिस्त्री' म्हणायची, आणि त्यांना ते नाव आवडायचं.

"पायमशीन चालवलीय ना?" त्यांनी मला विचारलं. "तीस वर्षं," मी म्हटलं. "मग पाय तयार आहेत. डोकं मोकळं आहे. तुम्ही पास."

पास होणं मात्र इतकं सोपं नव्हतं. आवारात त्यांनी सिमेंटची एक पट्टी मुद्दाम वाकडी ओतून घेतली होती. वीस पावलं लांब आणि एका बाजूला उतरती, पावसाचं पाणी जावं म्हणून रस्ता उतरता करतात त्याच्या दुप्पट. उताराच्या बाजूला जुन्या टायरांची भिंत. या पट्टीवरून जो लागोपाठ तीन वेळा हँडल सरळ ठेवून जाईल त्यालाच गाडी मिळायची. गिऱ्हाईक रुसलं, ओरडलं, दुसरीकडे गेलं तरी मिस्त्री हटायचे नाहीत. मी बाराव्या दिवशी पास झाले. पहिले आठ दिवस तर मी डोळेच मिटून घेत होते, ते जाऊ दे.

या पट्टीमागं एक दूधवाला होता. मिस्त्रींनी बनवलेली पहिली तीनचाकी त्यानं नेली. तीस वर्षं सायकलवर कॅन घेऊन फिरलेला माणूस. दुसऱ्याच दिवशी तो साध्या, मोकळ्या रस्त्यावरून, कुणीही धक्का न देता, सरळ गटारात गेला आणि खांदा मोडून घेतला. मिस्त्रींनी गाडी उलटीपालटी करून पाहिली. काही दोष नाही. मग ती चालवत स्वतः त्याच रस्त्यानं गेले, आणि तेही त्याच गटारात गेले.

तेव्हा त्यांच्या लक्षात आलं. दोन चाकांची सायकल डावीकडे कलली तर हँडल डावीकडेच वळवायचं असतं. म्हणजे चाकं आपल्या खाली येतात आणि आपण वाचतो. ज्याला सायकल येते त्याला हे शिकवावं लागत नाही, त्याचे हातच ते करतात. तीनचाकी मात्र पडतच नसते. फक्त रस्ता उतरता असतो. पण अंगाला वाटतं, पडलो! आणि हात आपोआप उताराकडे वळतात. गाडी बिचारी आज्ञाधारक, जिकडे वळवाल तिकडे जाते. ज्यानं जन्मात सायकल चालवली नाही, तो नुसता घाबरतो आणि सरळ जातो. ज्याला येते तो न घाबरता खड्ड्यात जातो.

"बाई, येत नसलेलं शिकवता येतं," मिस्त्री मला म्हणाले होते. "आलेलं काढता येत नाही. तुमचं शिवण उसवता तरी येतं."

हे सगळं मला ठाऊक होतं. मला ठाऊक नव्हतं असं मला कधीच म्हणता येणार नाही, म्हणून आधीच सांगून टाकते.

मिस्त्रींचे मोठे भाऊ, दादा, पोस्टमन होते. एकाहत्तरीचा उंच, ताठ माणूस. वडील लवकर गेले तेव्हा दादांनीच या धाकट्याला वाढवलं, आणि तो नऊ वर्षांचा असताना त्याची सीट मागून धरून, धावत धावत सायकलही शिकवली. "पडायला लागलास की पळू नकोस," असं ते ओरडायचे म्हणे. "पडण्याच्या अंगावर जा! हँडल तिकडंच टाक!" हे मला खुद्द दादांनीच सांगितलं, एकदा नाही, दहादा. चाळीस वर्षं त्यांनी टपाल वाटलं आणि एकदाही पडले नाहीत, याचा त्यांना पेन्शनपेक्षा जास्त अभिमान होता.

मग कानाचं काहीतरी झालं आणि चक्कर यायला लागली. डॉक्टरांनी सायकल बंद केली. दादा, मिस्त्री आणि मिस्त्रींची बायको म्हणजे वहिनी एकाच घरात राहायचे, शेडपासून किलोमीटरभर, त्याच कालव्याच्या काठाला. घराबाहेर पाऊल टाकलं की तोच एक रस्ता. दुसरी वाटच नाही. रस्त्याच्या कडेला गुडघाभर उंचीचे दगड, आणि पलीकडे दोन पुरुष खोल कालवा.

माझी वहिनींशी ओळख झाली ती उसवलेल्या पडद्यावरून, आणि मग मी त्यांच्याकडे जायला लागले. दादा खिडकीशी बसलेले असायचे. सकाळी बूट पॉलिश करायचे, घालायचे, नाड्या बांधायचे आणि खिडकीशी बसायचे. सात महिने. दाढी वाढली होती, खाणं कमी झालं होतं. "चाळीस वर्षं लोकांच्या दारात गेलो बाई," ते एकदा म्हणाले, "आता माझ्याच दारातून मला बाहेर काढायला माणूस लागतो."

"मग तीनचाकी का नाही घेत?" मी विचारलं.

"आमचा परीक्षक पास करत नाही," ते म्हणाले आणि हसले. पण ते हसणं काही मला बरं वाटलं नाही.

परीक्षा मी पाहिली. मिस्त्री दादांना आठवड्यातून दोनदा शेडवर आणायचे आणि कलत्या पट्टीवर सोडायचे. सपाट जागेवर दादा राजासारखे चालवायचे. पट्टी लागली की पुढचं चाक थरथरायचं, दादांचे खांदे वर यायचे आणि गाडी शांतपणे उतारावरून टायरांच्या भिंतीत जायची. पुन्हा. पुन्हा. "दादा, हात सोड. हातांना काही करू देऊ नकोस," मिस्त्री म्हणायचे. "मी काहीच करत नाहीये!" दादा ओरडायचे, आणि ते खरंच होतं. त्याच आठवड्यात एक बेकरीवाली, आयुष्यात सायकलला हात न लावलेली, 'आई गं, आई गं' करत तीन वेळा सरळ गेली आणि गाडी घेऊन गेली. दादांनी तिच्यासाठी टाळ्या वाजवल्या. नंतर महिनाभर ते शेडवर आलेच नाहीत.

"जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही," वहिनींपाशी ते म्हणाले. वहिनी चहा गाळत होत्या. त्यांनी गाळणी खाली ठेवली आणि म्हणाल्या, "असलं अभद्र घरात बोलू नका हो."

आणि इथं मी तोंड घातलं. माझा स्वभावच तो. दुसऱ्याच्या घरातलं वाकडं दिसलं की माझे हात शिवशिवतात. मी शेडवर गेले आणि मिस्त्रींना झापलं. म्हटलं, "तुम्ही परक्यांना गाड्या देता आणि सख्ख्या भावाला कोंडून ठेवता. टायरांत जातात ना? जाऊ देत की. माणूस घरात बसून रोज थोडा थोडा मरतोय, ते दिसत नाही तुम्हाला?"

मिस्त्री चाकाच्या तारा ओढत होते. त्यांनी हातातली तार पुरी आवळली. मग म्हणाले, "बाई, शेडमध्ये टायरांची भिंत आहे. रस्त्यावर नाही."

"मग तुम्ही कशाला आहात?" मी म्हटलं.

देवाशप्पथ, मी एवढंच बोलले. रागाच्या भरात. माणसं रोज असली वाक्यं टाकतात आणि विसरून जातात.

पुढच्या आठवड्यात दादा पट्टीवरून लागोपाठ दोनदा सरळ गेले. तिसऱ्यांदा जायच्या आधीच मिस्त्रींनी त्यांचा हात हातात घेतला आणि म्हणाले, "पास." मी तिथंच होते. मी मनात मोजत होते, दोनच झाले होते. दुधानं तोंड पोळलेला हा माणूस इतकी वर्षं ताकही फुंकून पीत आला होता, कुणालाही एका फेरीची सवलत दिली नव्हती. पण आपल्या माणसाची मापं घेताना टेप सैल पडते. दादा लहान मुलासारखे हसत होते. मी टाळ्या वाजवल्या.

गाडी दिली ती एका अटीवर. रोज सकाळीच निघायचं, आणि मिस्त्री सोबत असतील. मिस्त्री आपल्या जुन्या दोनचाकीवरून शेजारी चालायचे, कालव्याच्या बाजूनं. दादांची तीनचाकी रस्त्याच्या आत, मग मिस्त्री, मग गुडघाभर दगड, मग कालवा. पहिल्याच दिवशी मी बघितलं आणि ओळखलं. भिंत नाही म्हणून हा माणूस स्वतःच भिंत झाला होता.

"दादाला सांगू नका मी या बाजूला का चालवतो ते," त्यांनी मला बजावलं. "त्याला वाटतं मला गप्पा मारायच्यात."

मीही सोबत जायला लागले, माझी तीनचाकी घेऊन, दहा हात मागं. दादांनी दाढी केली. दुसऱ्या आठवड्यात ते शीळ घालायला लागले. ओळखीच्या प्रत्येक घरासमोर घंटी वाजवायचे आणि ओरडायचे, "पत्र नाही, नुसता मीच आलोय!" बायका खिडकीतून हात करायच्या. वहिनी मला म्हणाल्या, "बाई, तुमचे उपकार फिटायचे नाहीत." मीसुद्धा मान डोलावली. किती मूर्ख असावं माणसानं!

कारण मागून मला जे दिसायचं ते त्यांना दिसत नव्हतं. रस्ता जिथं कालव्याकडे उतरता व्हायचा, तिथं दादांचं पुढचं चाक थरथरायचं आणि तिकडे झुकायचं. त्या क्षणी मिस्त्री, बोलणं न थांबवता, डावा हात लांब करून तळवा दादांच्या हँडलवर ठेवायचे आणि ते हळूच मागं रेटायचे. मायेनं खांद्यावर हात ठेवावा तसं. दादांना ते कळायचंही नाही. एका सकाळी मी मोजलं. घरापासून शेडपर्यंत सात वेळा. एका हातानं स्वतःची सायकल, दुसऱ्या हातानं भाऊ, आणि तोंडानं हवापाण्याच्या गप्पा.

मी मिस्त्रींना गाठून म्हटलं, "हे बरं नाही. बंद करा." ते म्हणाले, "आता कसं बंद करू बाई? बघा ना त्याच्याकडे." मी बघितलं. दादा आवारात बेकरीवालीला ब्रेकची खिट्टी कशी लावायची ते शिकवत होते, मास्तरासारखे बोट नाचवून. गाडी द्यायला मीच भाग पाडलं होतं. ती काढून घ्या म्हणायला माझी जीभ रेटेना.

मग वरच्या अंगाला कसलंसं बांधकाम निघालं आणि दगडांचे ट्रक त्या रस्त्यानं जायला लागले. दोन आठवड्यांत रस्त्याची कालव्याकडची कड चेपून खाली बसली. आधीचा उतार बोटभर होता, आता चांगला वीतभर झाला. मिस्त्री सायकलवरून उतरून, बुटाच्या टाचेनं ती कड दाबून बघायचे. हँडल आपोआप मधोमध परत आणणारी एक स्प्रिंग ते बनवत होते. दोन तुटल्या, तिसरी घडवायला घेतली होती. "एवढी बसली की मी सुटलो," ते म्हणाले. त्यांचा डावा खांदा सुजला होता. वहिनी रात्री शेकायच्या, आणि त्यांना वाटायचं कामानं दुखतोय.

दादांना काही दिवस घरी थांबा म्हणावं, असं मी सुचवलं. मिस्त्रींनी विचारलंही. दादा म्हणाले, "कड खचली तर खचली. मी पडणारा माणूस आहे का?"

तो शुक्रवार होता. ऊन चांगलं पडलं होतं, कालव्यात पाणी घोटाभरच होतं, तळाचे दगड दिसत होते. दोघं पुढं, मी मागं. दादा कुठल्याशा जुन्या घराची गोष्ट सांगत होते, जिथलं कुत्रं फक्त मनीऑर्डरच्या दिवशी चावायचं नाही. मिस्त्री हसत होते. आणि माझ्या मागून ट्रकचा हॉर्न वाजला.

मी दचकले. भित्री ती भित्रीच. माझे पाय थांबले आणि गाडी रस्त्याच्या मधोमध उभी राहिली. मिस्त्रींनी मान वळवून पाहिलं. "बाई, कडेला घ्या!" ते ओरडले, आणि मला खूण करायला त्यांनी डावा हात उचलला.

तोच हात, जो त्या क्षणी हँडलवर असायला हवा होता.

दादांनी ट्रकला वाट दिली. त्यांचं चाक चेपलेल्या कडेवर गेलं आणि गाडी कलली. मी स्पष्ट पाहिलं. दादांचे खांदे वर आले, आणि त्यांनी सगळ्या ताकदीनिशी, चाळीस वर्षांच्या खात्रीनं, हँडल कालव्याकडे टाकलं. पुढचं चाक मिस्त्रींच्या सायकलीवर आदळलं. मिस्त्रींचं तोंड अजून माझ्याकडे होतं. दगडांवरून ते पलीकडे गेले, सायकलसकट, ओरडलेसुद्धा नाहीत.

तीनचाकी दगडांना टेकून थांबली. पडली नाही. दादा सीटवर ताठ बसून होते, दोन्ही हात हँडलवर.

ट्रकवाला थांबला, खाली उतरला, आणखी माणसं धावली. घोटाभर पाण्यात बुडत नाही कुणी. पण खाली दगड होते. मिस्त्री दवाखान्यात दोन दिवस होते आणि एकदाही डोळे न उघडता गेले. आम्ही तिघं बाहेरच्या बाकावर. माझ्या मनात एकच वाक्य फिरत होतं, मग तुम्ही कशाला आहात, मग तुम्ही कशाला आहात. कुणाला सांगणार? वहिनी माझाच हात धरून बसल्या होत्या.

पुढचे पंधरा-वीस दिवस मी त्यांच्याकडे गेले नाही. खुबा दुखतोय म्हणून कळवलं. मग वहिनींचाच निरोप आला, दादा बोलावतायत.

दादा खिडकीशी नव्हते, आतल्या खोलीत पलंगावर बसले होते. पायात बूट नव्हते. वहिनी दाराशी उभ्या राहिल्या, आत आल्या नाहीत.

"बाई, तुम्ही मागं होतात," दादा म्हणाले. "तुम्ही सगळं बघितलंत. म्हणून तुम्हालाच विचारतो. त्याचा तोल आधी गेला ना?"

मी वहिनींकडे पाहिलं. त्यांचे डोळे कोरडे होते आणि माझ्यावर खिळले होते. त्या एका नजरेत मला कळलं, यांना सगळं ठाऊक आहे. त्या सुजलेल्या खांद्याचं कारणसुद्धा. त्यांनी अगदी हळू, एकदाच, होकारार्थी मान हलवली.

"मला तसं जाणवलं," दादा सांगत होते. "तो कालव्याकडे चालला होता. पडत होता. म्हणून मी हँडल त्याच्याकडे टाकलं, त्याला धरायला. तसंच झालं ना?"

"हो दादा," मी म्हटलं. "त्यांचाच तोल गेला. तुम्ही धरायला गेलात."

एवढं खोटं मी आयुष्यात कधी बोलले नव्हते, आणि इतक्या सहज तर कधीच नाही. मला वाटलं, आता यांच्या छातीवरचा दगड उतरेल. वहिनींनीही दाराच्या चौकटीला डोकं टेकून डोळे मिटले.

दादांनी स्वतःचे दोन्ही तळवे उघडून पाहिले.

"म्हणजे मी पोचलो होतो त्याच्यापर्यंत," ते म्हणाले. "आणि तरी माझ्या हातून सुटला."